इंजिन ऑइल: किती जाड, किती पातळ?

इंजिनाच्या क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या मध्ये ऑइलचा केसाहून बारीक थर असतो. तो टिकला तर धातू धातूला घासत नाही. थर टिकण्याइतके ऑइल जाड हवे आणि पंपाने झटपट वर चढेल इतके पातळही हवे. अडचण अशी, की तापले की ऑइल पातळ होते. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितके दाट असते, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकेच १०० अंशांना उरते.

डब्यावरच्या दोन आकड्यांत हेच सांगितलेले असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत अधिक सहज वाहते. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. ३०पेक्षा ४० जाड, ४०पेक्षा ५० जाड.

स्थानिक हवामानाचा संबंध मुख्यतः पहिल्या आकड्याशी येतो. २०डब्ल्यूचे ऑइल उणे १५ अंशांपर्यंत इंजिन फिरू देते. कडाक्याच्या थंडीत निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो, तरी या मर्यादेपासून तो बराच दूर राहतो. द्रासला मात्र उणे २० अंशांखालची रात्र नवलाची नाही. तिथे हेच ऑइल इतके घट्ट होते, की सेल्फ मारून इंजिन फिरणे अवघड होते. तिथे ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू लागते. म्हणजे महाराष्ट्रात थंडीपायी गाडी अडत नाही. तरीही लहान आकड्याचा फायदा इथेही आहे. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेले असते आणि सकाळी पातळ ऑइल कॅमशाफ्टपर्यंत लवकर पोहोचते. इंजिनाची बरीच झीज याच पहिल्या क्षणांत होते.

‘उन्हाळा कडक आहे, जाड ऑइल टाका’ हा गॅरेजमधला सल्ला कारच्या बाबतीत सहसा चुकीचा ठरतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो हे खरे. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटचे तापमान ९० अंशांच्या आसपास राखतात, त्यामुळे ऑइलच्या तापमानात बाहेरच्या उन्हाने फार फरक पडत नाही. ५डब्ल्यू-३०साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० भरले, तर पंपावर ताण येतो, अॅव्हरेज घटते आणि बारीक वाटांमधून ऑइल उशिरा पोहोचते.

एअर-कूल्ड मोटरसायकलचे तसे नाही. तिला थर्मोस्टॅट नसतो, वाऱ्यावरच भिस्त असते. भर दुपारी सिग्नलला खोळंबलेल्या किंवा घाटात डबलसीट चढणाऱ्या बाइकचे ऑइल खरोखर जास्त तापते. म्हणून अशा बाइकच्या मॅन्युअलने दोन ग्रेडना परवानगी दिली असेल, तर विदर्भातल्या उन्हाळ्यात त्यांतला जाड ग्रेड घेणे शहाणपणाचे. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच प्लेटही याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले कारचे ऑइल टाकल्यास क्लच घसरू लागतो.

जुने इंजिन ऑइल खाऊ लागले, की अनेक जण जाड ऑइलाकडे वळतात. खप थोडा कमी होतो, पण झिजलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील त्याने दुरुस्त होत नाहीत. अशा गाडीत डिपस्टिक दर आठवड्याला पाहणे जास्त उपयोगाचे. कारण योग्य ग्रेडचे ऑइलसुद्धा पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली, तर इंजिन वाचवू शकत नाही.