विभागाने स्वतःचा ताळेबंद मांडावा

दुकानदार वर्षाअखेरी जमाखर्चाचा मेळ घालतो. महाविद्यालयातील विभागाने मात्र निकाल लागला की वर्ष संपले असे मानावे, ही आपल्याकडील जुनी रीत. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच 'नॅक', स्थापन केली, आणि महाविद्यालयाने आधी स्वतःचा अहवाल लिहावा, मग बाहेरच्या तज्ज्ञांनी तो पडताळावा, असा क्रम रूढ झाला.

ही दृष्टी मुळात कारखान्यातली. १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देणारे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचा आग्रह असा की, तयार माल शेवटी तपासून दर्जा येत नाही. तो प्रत्येक टप्प्यावर घडवावा लागतो. विद्यार्थी म्हणजे माल नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु निकालावरून अध्यापनातील उणीव कळेपर्यंत विद्यार्थी निघून गेलेला असतो, हेही तितकेच खरे.

जतसारख्या तालुक्यात तर या प्रश्नाला विशेष धार येते. हा अवर्षणाचा सीमाभाग. अनेक घरांत कन्नड बोलली जाते. ऊसतोडीच्या हंगामात कित्येक कुटुंबे गाव सोडतात. येथील राजे रामराव महाविद्यालय असो वा अन्य कोणतेही ग्रामीण महाविद्यालय, त्यातील प्रत्येक विभागाने काही साधे प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकले? हजेरी कोणत्या महिन्यात घसरते? उत्तरपत्रिकेत कोणता प्रश्न बहुतेकजण कोरा सोडतात, आणि तो विषयामुळे की भाषेमुळे? उत्तरे हजेरीपटात आणि गुणपत्रकांतच आहेत. त्यांवर एखादा उपाय ठरवावा, तो वर्षभर करून पाहावा आणि पुढील वर्षी तेच आकडे पुन्हा तपासावेत.

खरी अडचण निराळीच आहे. ज्या अहवालावर श्रेणी अवलंबून, त्यात उणीव कबूल करण्याचे धैर्य कोण दाखवील? मग छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांनी फाइली फुगतात आणि आत्मपरीक्षणाची आत्मप्रशंसा होते. यास्तव विभागाची अंतर्गत तपासणी श्रेणीच्या अहवालापासून वेगळी ठेवावी. तिच्यात नोंदवलेल्या त्रुटीबद्दल कोणाही प्राध्यापकाला जाब विचारला जाणार नाही, अशी हमी प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी द्यावी.

श्रेणी महाविद्यालयाच्या दर्शनी फलकावर झळकते. अर्ध्यावर शिक्षण सोडलेल्या मुलाची नोंद मात्र हजेरीपटातच राहते. विभागाचे आत्मपरीक्षण त्या नोंदीपासून सुरू व्हावयास हवे.