पीथमपूरच्या फेऱ्यांत मोजलेला रशिया

धार जिल्ह्यात पीथमपूरला मोटारींच्या चाचण्या घेणारं नॅट्रॅक्स हे केंद्र आहे. तिथल्या हायस्पीड ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झालं, तेव्हा तो आशियातला सर्वांत लांब ठरला. एक फेरी ११.३ किलोमीटरची, रुंदी १६ मीटर, लेन चार. वळणावर रस्ता बाहेरच्या अंगाला असा चढवलाय की ताशी २५० किलोमीटरला स्टिअरिंगशी झगडावं लागत नाही, गाडी आपसूक वळते. त्या वेगाने एक फेरी २ मिनिटं ४३ सेकंदांत होते. पवार राजघराण्याच्या दोन राजधान्या, धार आणि देवास, यांच्यामधलं अंतर साधारण १०० किलोमीटर. म्हणजे नऊ फेऱ्या, पंचवीस मिनिटांचं काम.

आता हीच फेरी माप म्हणून घ्यायची आणि भाड्याच्या गाडीने निघालेल्या रशियन प्रवाशाच्या मागे लागायचं.

समजा त्याने मॉस्कोत गाडी घेतली आणि व्लादिवोस्तोकची वाट धरली. रस्त्याने अंतर सुमारे ९,१०० किलोमीटर, म्हणजे ८०५ फेऱ्या. पीथमपूरच्या वेगाने अजिबात न थांबता गेलं तरी छत्तीस तासांच्या वर. खऱ्या रस्त्यावर रोज ७०० किलोमीटर हाणले तर तेरा दिवस. उतरल्यावर घड्याळ सात तास पुढे करायचं. इतकं करून देश तोच.

या वाटेवर चिता ते खाबारोव्स्क हा अमूर महामार्ग लागतो: २,१६५ किलोमीटर, १९२ फेऱ्या. ऑगस्ट २०१० मध्ये पुतिन पिवळी लाडा कलिना घेऊन या रस्त्यावरून गेले, ते रस्ता सलग डांबरी झाल्याचं देशाला दाखवायला. सैबेरिया ओलांडणारी रेल्वे मात्र १९१६ सालीच रशियाच्या हद्दीतून सलग झाली होती. रुळांमागून डांबर यायला ९४ वर्षं लागली.

उत्तरेला याकुत्स्कहून मगदानला जायचं तर आणखी सुमारे २,००० किलोमीटर. या वाटेची सुरुवातच लेना नदी ओलांडून होते आणि तिच्यावर पूल नव्हता. उन्हाळ्यात गाडी फेरीबोटीतून न्यायची, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून. मधल्या काळात बर्फ धड नाही आणि पाणीही धड नाही, तेव्हा काठावर बसून राहायचं. याच मुलखातल्या ओयम्याकोनला १९३३ साली उणे ६७.७ अंशांची नोंद झाली. धारचा उन्हाळा ४५ अंशांवर गेला तर दोन्हींत ११० अंशांहून जास्त फरक पडतो. तिकडे थंडीत गाडी बाहेर उभी करायची तर इंजिन चालू ठेवतात, नाहीतर सबंध गाडी जाड रजईत गुंडाळतात. एकदा बंद पडलेलं इंजिन वसंतापर्यंत सुरू होईलच असं नाही.

आता माणसांचा हिशेब. धार आणि देवास हे दोन जिल्हे मिळून १५,१७३ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या साडेसदतीस लाख. म्हणजे चौरस किलोमीटरला २४७ माणसं. रशियात हा आकडा नऊच्याही आत आहे. रशिया या दोन जिल्ह्यांइतका दाट वसला असता तर एकट्या त्या देशात ४२२ कोटी लोक राहिले असते, म्हणजे आजच्या निम्म्या जगाहून जास्त. आपल्याकडे गाडीबरोबर ड्रायव्हर का येतो आणि तिकडे का येत नाही, याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे.

तिकडे गाडी एकटीच भाड्याने मिळते. १९५९ साली सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी प्रत्येकाला मोटार देण्यापेक्षा सरकारी केंद्रांतून गाड्या भाड्याने द्याव्यात, असा विचार मांडला होता. तो फार चालला नाही. साठ वर्षांनी मॉस्कोत मोबाइलवरून मिनिटाच्या दराने मिळणाऱ्या गाड्यांची संख्या तीस हजारांच्या घरात गेली.

हाच प्रवासी परदेशी निघाला की आकडे आणखी फुगतात. २०१९ साली एकट्या तुर्कस्तानात ७० लाख रशियन पर्यटक गेले. त्यांना पीथमपूरच्याच गाडीत बसवून पाहू. गोव्यात विमानतळावरून हॉटेलात पाहुणे नेणारी, मांडू-ओंकारेश्वरला सहली नेणारी टेम्पो ट्रॅव्हलर ही पुण्याच्या फोर्स मोटर्सची गाडी पीथमपूरच्या कारखान्यात बनते. २६ सीटची गाडी धरली तर २,६९,२३१ गाड्या लागतील. एकीची लांबी सात मीटर धरून एकाला एक चिकटून उभ्या केल्या तर रांग १,८८५ किलोमीटरची होईल. नॅट्रॅक्सच्या चारही लेन खचाखच भरल्या तरी असे ४२ ट्रॅक लागतील.

मार्च २०२२ मध्ये मात्र एक वेगळीच अडचण आली. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातलं काम थांबवलं, आणि रशियन बँकांची ती कार्डं परदेशात चालेनाशी झाली. स्वतः चालवायची गाडी घेताना कंपनी कार्डावर अनामत अडकवून ठेवते. कार्डच नाही, तर खिशात पैसे असूनही किल्ली मिळेना.

आपल्या टॅक्सीवाल्याला या अनामतीची गरजच पडत नाही, कारण गाडी परत आणणारा माणूस गाडीतच बसलेला असतो. त्याची किंमत आपण वेगळ्या वाटेने मोजतो: लांबच्या भाड्याला किलोमीटर जाऊन-येऊन धरतात. किलोमीटरला १५ रुपये दर धरू. धारहून देवासला सोडायचं तर जाण्याचे १,५०० आणि रिकाम्या गाडीच्या परतीचे १,५००. कुरकुरत का होईना, आपण देतो.

हाच हिशेब मॉस्को-व्लादिवोस्तोकला लावला तर रिकाम्या गाडीच्या परतीचेच १,३६,५०० रुपये होतात. शिवाय परतीच्या तेरा दिवसांचा ड्रायव्हरचा भत्ता, त्याचं जेवण, त्याचा मुक्काम. शंभर किलोमीटरला ड्रायव्हर हे स्वस्त तारण आहे. नऊ हजारांना ते कुणालाच परवडणार नाही. धारचा टॅक्सीवाला माणसावर विसंबतो आणि मॉस्कोची कंपनी कार्डावर, यात स्वभावाचा भाग थोडा, किलोमीटरचा फार.