शून्य कोठे गेले?

मुलांनो, आकडे खोटे बोलत नाहीत, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु खऱ्या आकड्यांचे चित्र काढतानाही माणसाच्या हातून असत्य घडू शकते. ही गोष्ट मला माझ्याच शाळेतील सातवीच्या मुलांनी शिकवली. त्याची ही हकीकत.

पुण्यातील एका जुन्या पेठेत आमची शाळा होती. मी तेव्हा तेथे मुख्याध्यापक होतो. ८ सप्टेंबर हा जागतिक साक्षरता दिन. त्या निमित्ताने शाळेत लहानसे प्रदर्शन भरवावयाचे ठरले आणि महाराष्ट्रातील साक्षरतेची प्रगती दाखवणारा एक मोठा स्तंभालेख मी स्वतः हौसेने काढला. आकडे जनगणनेचे होते. सात वर्षे व त्याहून अधिक वयाच्या दर शंभर माणसांमागे १९९१ साली सुमारे ६५, २००१ साली ७७ आणि २०११ साली ८२ माणसे साक्षर होती. तीन रंगांचे तीन स्तंभ पायऱ्यांसारखे चढत गेले होते. शेवटचा स्तंभ तर कागदाच्या वरच्या कडेला भिडला होता. पाहणारे ‘वा!’ म्हणत आणि मीही मनातून सुखावत असे.

सातवीचा वर्ग प्रदर्शन पाहावयास आला. एक मुलगा बराच वेळ आलेखासमोर उभा होता. त्याने खिशातील पट्टी काढून स्तंभ मोजले आणि विचारले, “सर, शेवटचा स्तंभ पहिल्याच्या चौपटीहून उंच आहे. मग वीस वर्षांत साक्षरता चौपट झाली का?”

“छे! ६५ ची चौपट ८२ कशी होईल?” दुसरी मुलगी म्हणाली. “ही वाढ फार तर सव्वापट आहे.”

मग उंची चौपट कशी झाली? मुले आलेखाच्या पायथ्याशी वाकली. तेथे शून्य नव्हते, ६० होते! स्तंभांतील फरक उठून दिसावा, म्हणून मी उभ्या अक्षाची सुरुवात ६० पासून केली होती. त्यामुळे पहिला स्तंभ ५ घरांचा, दुसरा १७ घरांचा आणि तिसरा २२ घरांचा झाला होता. प्रत्येक स्तंभाची तळातली साठ घरे मी कापून टाकली होती.

एवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, माझी आजी मंडईत भाजी विकते. तोंडी हिशेबात ती कधी चुकत नाही. पण तिला बसवरची पाटी वाचता येत नाही. या चित्रात माझी आजी कोठे आहे?”

मी आलेखाकडे पाहिले. ८२ च्या वर कागदच नव्हता. जे अजून निरक्षर होते, त्यांना माझ्या चित्रात जागाच उरली नव्हती. मला उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येक गटात एकाने आकडे वाचावयाचे, एकाने प्रमाण ठरवावयाचे, एकाने आलेख काढावयाचा आणि चौथ्याने केवळ शंका विचारावयाच्या, असे काम वाटून दिले. आकडे सर्वांना तेच दिले; प्रमाण मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे होते. तासाच्या शेवटी चित्रे भिंतीवर लावली, तेव्हा एकाच आकड्यांची निरनिराळी रूपे पाहून मुले चकित झाली. कोठे डोंगर दिसत होता, तर कोठे सपाट माळ. ज्या गटाने शून्यापासून शंभरापर्यंत अक्ष घेऊन १ सेंटिमीटरला ५ माणसे हे प्रमाण धरले, त्यांचे स्तंभ १३, साडेपंधराच्या आत आणि साडेसोळाच्या आत असे आले. त्यांवर साडेतीन सेंटिमीटरांहून थोडी अधिक कोरी पट्टी उरली. “सर, आजी इथे आहे,” ती मुलगी म्हणाली. त्या पट्टीत दर शंभरातील १८ माणसे होती. केवळ स्त्रियांचा विचार केला, तर २०११ साली ती संख्या २४ होती. ज्या पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या पुण्याच्या राज्यातील ही गोष्ट!

एका शंकेखोर मुलाने विचारले, “मग प्रत्येक आलेख शून्यापासूनच काढावा का?” प्रश्न उत्तम होता. स्तंभालेखात आपली नजर स्तंभाची लांबी मोजते. म्हणून तेथे शून्य हवेच. रेषालेखात नजर चढउतार पाहते. तापकऱ्याच्या अंगातील उष्णता ३७ अंशांवरून ३९ वर गेली, तर ती शून्यापासून काढलेल्या आलेखात नीट दिसणारही नाही. तेथे अक्ष वरून सुरू करणे योग्यच. मात्र तसे केल्याचे स्पष्ट दाखवावे.

पुढे प्रत्येक शनिवारी मुले अशा फसव्या चित्रांचा शोध घेऊ लागली. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या १९९१ साली सुमारे १५ लाख ६७ हजार होती. ती २०११ साली ३१ लाख २४ हजार झाली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एका गटाने ती माणसाच्या चित्राने दाखवली. दुसरा माणूस दुप्पट उंच काढला आणि तो बेढब दिसू नये म्हणून दुप्पट रुंदही केला. चौकटी मोजल्या, तेव्हा त्याने चौपट जागा व्यापली होती! वाढ दुप्पट, पण भास चौपटीचा. शिवाय १९९७ साली आसपासची बरीच गावे पालिकेच्या हद्दीत आली होती. म्हणजे या वाढीतील काही भाग शहर पसरल्याचा होता. आपण मोजले ते पुणे दोन्ही वेळा तेवढेच होते का, हेही विचारले पाहिजे.

दुसऱ्या गटाने आणखी एक गंमत दाखवली. पुण्यात दुपारचे तापमान एप्रिलात सरासरी सुमारे ३८ अंश, तर ऑगस्टात सुमारे २८ अंश असते. एवढेच महिने घेऊन रेषा काढली, तर पुणे शहर थंड होत चालले आहे, असे कोणासही वाटेल! बारा महिने मांडले, की पावसाळ्याचा उलगडा होतो.

हे कौशल्य केवळ वर्गापुरते नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवणारे व अंकगणिताचे पाठ्यपुस्तक रचणारे एक शिक्षक पुढे मोठे देशसेवक झाले. ते गोपाळ कृष्ण गोखले. सरकारी अंदाजपत्रकात वर्षानुवर्षे शिल्लक दिसत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखल्यांनी त्याच आकड्यांची दुसरी बाजू दाखवली. दुष्काळाने लोक पिचले असताना कर गरजेपेक्षा अधिक ठेवले गेले, म्हणून ही शिल्लक उरली, असे त्यांनी मांडले. त्या तयारीत गणेश व्यंकटेश जोशी या व्यासंगी शिक्षकाचे त्यांना साहाय्य होते. तेथेही दोघांनी मिळूनच आकडे तपासले होते. पुढच्याच वर्षी मिठावरील कर कमी झाला.

मुलांनो, आलेख हा आपला शत्रू नव्हे. पानभर आकडे जे सांगू शकत नाहीत, ते तो क्षणात सांगतो. म्हणूनच त्याला चार प्रश्न विचारावेत. अक्ष कोठून सुरू होतो? चित्राची लांबी वाढली, की क्षेत्रफळ? मधला वा पुढचा कोणता भाग गाळला आहे? आणि कोणाला मोजले, कोणाला वगळले? एकट्याच्या नजरेतून यांतील एखादा प्रश्न निसटतो. चौघे मिळून पाहिले, तर तो सहसा निसटत नाही.

माझा जुना आलेख मी फाडला नाही. मुलांच्या आलेखाशेजारीच तो लावला आणि खाली लिहिले, ‘यात शून्य कोठे आहे, ते शोधा.’ मुलांनी आपल्या आलेखातील कोऱ्या पट्टीतही काही लिहिले होते. अक्षर त्या भाजीवाल्या आजीच्या नातीचे होते : ‘एवढे काम शिल्लक आहे.’