हाकेस ओ देणारा कुत्रा

अकोले तालुक्यातील बागायती भागात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या एकूण वजनात सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच आढळला! म्हणून ‘बस’, ‘थांब’ यांआधी कुत्र्यास ‘ये’ शिकवावे, असे आम्हांस वाटते. तिन्हीसांजेस एका हाकेत तो अंगणात परतला पाहिजे.

घरातील सर्वांनी तोच एक शब्द उच्चारावा. प्रथम दोन हातांवरून हाक मारावी. जवळ येताच, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा द्यावा. विलंब झाल्यास बक्षीस कशाचे, हे त्यास उमगत नाही. मग अंतर वाढवीत जावे. धडा पाच मिनिटांहून लांबवू नये; विद्यार्थ्यांस हे पटेलच! उशिरा आला तरी मारू नये; नाहीतर ‘ये’ म्हणजे मार, एवढेच तो शिकेल. रात्री मात्र त्यास अंगणात न बांधता आत घ्यावे.