हिरवळीच्या जागी कोरडवाहू कुरण

शोभेसाठी राखलेली हिरवळ हे एक बागायती पीक आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ऊस किंवा केळी यांना पाणी किती लागते याचा हिशेब शेतकरी पदोपदी करतो. परंतु शाळेच्या, दवाखान्याच्या, साखर कारखान्याच्या अथवा घराच्या पुढे लावलेल्या गवताला रोज पाइपने किती पाणी दिले जाते, याची नोंद कोणी ठेवीत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत हा हिशेब मांडणे अगत्याचे झाले आहे.

हिरवळ किती पाणी पिते

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर पाणी होय. मार्च ते मे या काळात दख्खनच्या पठारावरील कोरड्या व तप्त हवेत हिरवे राहण्यासाठी गवताला रोज सरासरी ६ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका गुंठ्यास, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर क्षेत्रास, दररोज ६०० लिटर पाणी द्यावे लागते. या तीन महिन्यांच्या ९२ दिवसांत ही मागणी ५५ हजार लिटरांवर जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. या प्रमाणाने पाहिले, तर एक गुंठा हिरवळ दहा-अकरा माणसांचे पाणी रोज पिते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. वरील हिशेबाने ते नऊ गुंठे हिरवळीला एक उन्हाळाभर पुरले असते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानाच्या गवताला पाणी द्यावे की माणसांना, हाच त्या वादातील मुख्य प्रश्न होता.

परदेशातील उपाय आणि आपले हवामान

पाण्याच्या टंचाईमुळे हिरवळ कमी करण्याचे प्रयत्न इतरत्रही चालू आहेत. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा करून, लास वेगास परिसरातील संस्थांच्या व व्यापारी आवारांतील केवळ शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचे पाणी देणे बंद करण्यासाठी १ जानेवारी २०२७ ही मुदत घातली. थंड हवेच्या देशांत हिरवळीऐवजी पांढरा क्लोव्हर पेरण्याची शिफारस केली जाते. ही वनस्पती आपल्या परिचयाच्या बरसीमच्या कुळातील आहे. तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, त्यामुळे तिला वरखताची गरज फारशी भासत नाही. पूर्वी तेथील हिरवळीच्या बियाण्यात क्लोव्हरचे बी मिसळण्याची पद्धतच होती. १९४५ नंतर २,४-डी हे तणनाशक प्रचारात आले. त्याने रुंद पानांच्या तणांबरोबर क्लोव्हरही मरू लागला आणि नुसत्या गवताची हिरवळ रूढ झाली.

मात्र या उपायाची नक्कल येथे करून चालणार नाही. पांढऱ्या क्लोव्हरची मुळे उथळ असतात व त्यास थंड हवा मानवते. काश्मीर, हिमाचल प्रदेश येथे तो चांगला येतो. परंतु दख्खनच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून तो तग धरीत नाही. गवत व शेंगवर्गीय वनस्पती एकत्र लावावी हे त्यामागील तत्त्व तेवढे घ्यावे आणि वनस्पती मात्र आपल्या हवामानाच्या निवडाव्यात.

कोणती गवते निवडावी

मध्यम ते भारी जमिनीस मारवेल हे गवत योग्य होय. मारवेल-८ हा त्याचा जुना व परिचित निवड वाण आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसाच्या भागात अंजन गवत लावावे. दोन्ही गवते बहुवर्षायू आहेत. उन्हाळ्यात त्यांची पाने वाळतात, परंतु ठोंब जिवंत राहतो व पहिल्या चांगल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. यांच्या जोडीला स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक घ्यावे. कडेने गोकर्ण लावल्यास निळ्या फुलांची शोभा येते व चाराही मिळतो.

मुलांना खेळण्यासाठी जागा हवी असेल, तर तेवढ्या भागात हरळी ठेवावी. पायदळीचा मारा ती सोसते. पाणी न दिल्यास ती वाळलेली दिसते, परंतु जमिनीतील काशा जिवंत असल्याने पावसाळ्यात पुन्हा हिरवी होते.

लागवडीची पद्धत

जुन्या हिरवळीचे पाणी फेब्रुवारीत बंद करावे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन १५ सेंटिमीटर खोल खणून मुळ्या व काशा वेचून काढाव्यात व जमीन उन्हात तापू द्यावी. पावसाळ्यापूर्वी दर गुंठ्यास ५० किलो चांगले कुजलेले शेणखत व अडीच किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. युरिया देण्याचे कारण नाही.

पाऊस स्थिरावल्यावर ६० सेंटिमीटर अंतराच्या ओळींत ३० सेंटिमीटरवर गवताचे मुळांसह ठोंब लावावेत. गुंठ्यास सुमारे ५६० ठोंब लागतात. दोन ओळींच्या मधोमध स्टायलोची एक ओळ पेरावी. त्यासाठी गुंठ्यास ५० ते ७५ ग्रॅम बी पुरते. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असल्याने बी तसेच पेरल्यास उगवण कमी होते. म्हणून ते ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात चार मिनिटे ठेवावे व नंतर थंड पाण्यात रात्रभर भिजवावे. बी बारीक असल्याने वाळूत मिसळून पेरावे व एक सेंटिमीटरहून खोल पडू देऊ नये.

पहिल्या पावसाळ्यात दोन खुरपण्या अवश्य द्याव्यात. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून उपटावे. पावसाने मोठी उघडीप दिल्यास पहिल्या वर्षी एक-दोन वेळा पाणी द्यावे. गवत मुळावल्यावर पुढील वर्षांपासून पाण्याची जरुरी राहत नाही.

निगा आणि दक्षता

पहिल्या वर्षी बी पडून गेल्यावर एकच कापणी करावी. दुसऱ्या वर्षापासून गवत फुलोऱ्यात येताच, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंची राखून कापावे. याहून खाली कापल्यास स्टायलो पुन्हा नीट फुटत नाही. फुलोऱ्यातील गवत सकस असते. ते वाळवून ठेवल्यास उन्हाळ्यात जनावरांच्या कामी येते.

या पद्धतीत दोन धोके आहेत व ते लपवून उपयोग नाही. पहिला धोका आगीचा होय. हिवाळ्यानंतर गवत वाळते. म्हणून इमारतीभोवती तीन मीटर रुंदीचा पट्टा मोकळा, मुरूम टाकलेला ठेवावा आणि गवत वेळेवर कापून नेण्यात कुचराई करू नये. दुसरा धोका सापाचा होय. उंच गवतात साप दिसत नाही. यास्तव रस्ते, व्हरांडे व मुलांची ये-जा यांच्या लगतचे गवत नेहमी आखूड ठेवावे.

कोकणात पाऊस विपुल असल्याने पावसाळ्यात कोणतीही हिरवळ पाण्यावाचून राहते. तेथे सावलीच्या जागी पिंटो भुईमूग लावता येतो. त्यास ओल लागते, म्हणून पर्जन्यछायेच्या प्रदेशात तो घेऊ नये.

दृष्टी बदलणे आवश्यक

सर्वांत अवघड काम नांगरटीचे वा पेरणीचे नसून दृष्टी बदलण्याचे आहे. एप्रिल महिन्यात कुरण पिवळे दिसले की ते मेले, असे समजून लोक पुन्हा पाइप हाती घेतात. पिवळे गवत मेलेले नसते. ते पावसाची वाट पाहत असते. डोंगरावरील गवत दर वर्षी असेच वाळते व असेच फुटते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. आवारातील गवतालाही तोच न्याय लावावा.

ज्या ग्रामपंचायतींच्या, शाळांच्या व सहकारी संस्थांच्या आवारात हिरवळ आहे, त्यांनी प्रथम एका गुंठ्यावर हा प्रयोग करून पाहावा. वाण, बियाणे व ठोंब यांविषयी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे अथवा आपल्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. तहानलेल्या गावात एका गुंठ्याचे वाचलेले पाणी दहा माणसांच्या घागरी भरते, हे लक्षात ठेवून येत्या फेब्रुवारीत नळ बंद करण्यापासून या कामास आरंभ करावा.