आजोबांच्या ट्रंकेतलं पॉकेट पिस्तूल: ते चालतं कसं आणि घरात सापडलं तर करायचं काय?

आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. ना नवीन फोन, ना अ‍ॅप. पण सुरुवात मात्र फोनपासूनच झाली.

मी संगमनेर तालुक्यातला. मागच्या वर्षी आजोबा गेले. तेराव्यानंतर घर आवरताना त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. जमिनीचे जुने उतारे, सोसायटीची पासबुकं आणि सगळ्यांत खाली तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं, चपटं पिस्तूल. तळहातापेक्षा थोडंसंच मोठं. काळ्या मुठीवर एका छोट्या पिस्तुलाचंच चित्र आणि त्याखाली ‘एफएन’ अशी अक्षरं. आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी शस्त्र परवाना होता हे वडिलांना माहीत होतं, पण पिस्तूल आम्ही नातवंडांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी काय केलं? जे तुम्ही केलं असतं तेच. लांबून फोटो काढला आणि गुगल लेन्सला विचारलं. लेन्स म्हणालं, सिगारेट लायटर! पिस्तुलाच्या आकाराचे लायटर ऑनलाइन इतके विकले जातात की लेन्सची गल्लत झाली. माझ्या आतेभावाला तेवढंच पुरलं. त्याने ते उचललं, मुठीच्या बुडाशी असलेलं मॅगझिन ओढून बाहेर काढलं आणि म्हणाला, “बघ, रिकामं केलं. आता एक रील होऊन जाऊ दे.”

वडील ओरडले म्हणून त्याने ते खाली ठेवलं. गल्लीतल्या एका निवृत्त फौजी काकांना बोलावलं. (नगर जिल्ह्यात हे बरं असतं, दर दोन-चार घरांमागे एक फौजी सापडतोच.) काकांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, पिस्तुलाचं तोंड ज्वारीच्या पोत्यांच्या थप्पीकडे केलं आणि वरचा भाग मागे ओढला. टण्ण करून एक पिवळं काडतूस फरशीवर पडलं. मॅगझिन बाहेर होतं, तरी नळीत एक गोळी बसलेलीच होती. आतेभाऊ त्या दिवशी जेवला नाही.

ती गोळी आत कशी राहिली, हे समजून घ्यायला ही वस्तू चालते कशी ते बघावं लागतं. मी त्यानंतर दोन-तीन महिने त्यावरच वाचत होतो. चला तर मग.

सव्वाशे वर्षांपूर्वीचं ‘स्लिम मॉडेल’

आधी रिव्हॉल्व्हर असायचं. त्यात सहा गोळ्यांचं फिरतं गोल चाक, त्यामुळे ते जाड. कोटाच्या खिशात ठेवलं तर फुगवटा दिसायचा. शिवाय जुनी काळी दारू जळाली की धूर आणि काजळी इतकी व्हायची की बारीक यंत्रणा लगेच अडकायची. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली आणि गणित बदललं. काजळी कमी झाल्यावर गोळीच्याच ताकदीवर पुढची गोळी भरणारं यंत्र बनवणं व्यवहारात शक्य झालं.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या जॉन ब्राउनिंग या कारागिराने ते करून दाखवलं. त्याचं डिझाइन बेल्जियमच्या एर्स्ताल गावातल्या एफएन कंपनीने बनवायला घेतलं आणि ‘मॉडेल १९००’ बाजारात आलं. कॅलिबर ७.६५ मिलिमीटर. आपल्याकडे परवान्यावर ‘पॉइंट ३२ बोर’ लिहिलेलं असतं ते हेच. मॅगझिनमध्ये ७ गोळ्या, वजन साधारण सव्वासहाशे ग्रॅम, म्हणजे तुमच्या-माझ्या तीन फोनांएवढं. हे पिस्तूल सुमारे ७ लाख बनलं. फ्रेंच भाषेत तर कितीतरी वर्षं पिस्तुलालाच ‘ब्राउनिंग’ म्हणायचे, आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं.

बीजीएमआय खेळणाऱ्यांसाठी एक गंमत. गेममधलं ‘पी १९११’ ज्या खऱ्या पिस्तुलावरून घेतलंय, तेही याच ब्राउनिंगचं डिझाइन. फक्त त्याची गोळी खूप जोरदार, म्हणून त्यात नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून एकत्र मागे जातात आणि मग सुटतात. खिशातल्या छोट्या पिस्तुलात असं कुलूप नसतं. तिथे साधी ‘ब्लोबॅक’ पद्धत.

भंडारदऱ्याला होडीतून काठावर उडी मारलीय कधी? आपण पुढे जातो आणि होडी मागे सरकते. होडी हलकी असेल तर भस्सकन सरकते, मोठी बोट असेल तर हलल्यासारखी वाटतही नाही. ब्लोबॅक म्हणजे तेवढंच. दारू पेटली की तयार झालेला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने पुंगळीला मागे. पुंगळीमागे स्लाइड, म्हणजे वरचा सरकता लोखंडी भाग. गोळी जेमतेम साडेचार ग्रॅमची आणि स्लाइड तिच्या कितीतरी पट जड. त्यामुळे गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइड जराशीच हललेली असते. वायूचा दाब बाहेर गेला की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग दाबली जाते. मग स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि येता येता ती मॅगझिनमधली वरची गोळी उचलून नळीत बसवते.

आता शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. गोळी मॅगझिनमधून निघून *नळीत* बसते. ती एकदा तिथे गेली की मॅगझिनशी तिचा काही संबंध राहत नाही. मॅगझिन काढा, फेकून द्या, नळीतली गोळी तिथेच असते. आतेभावाने ‘रिकामं’ केलेल्या पिस्तुलात नेमकं हेच होतं. एफएनच्याच १९१० च्या मॉडेलमध्ये मॅगझिन काढलं की चाप चालत नाही अशी सोय आली. १९०० च्या मॉडेलमध्ये ती नाही, तिथे फक्त अंगठ्याने फिरवायचा एक खटका.

नाशिक, २१ डिसेंबर १९०९

संगमनेरहून नाशिक दीड-दोन तासांवर. तिथलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान तुम्हाला रणजी सामन्यांमुळे माहीत असेल. त्या नावाचा आणि या पिस्तुलांचा थेट संबंध आहे, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

१९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधल्या चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याच्या पेटीतून २० ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईत आली. ती विनायक दामोदर सावरकरांनी पाठवली होती आणि त्यांच्यावरच्या खटल्यात हाच मोठा मुद्दा ठरला. एका पेटीच्या चोरकप्प्यात २० पिस्तुलं! रिव्हॉल्व्हरं असती तर इतकी लपली नसती. चपटेपणाचा फायदा तो हाच.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन तिथे आले होते. अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने ब्राउनिंगमधून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली.

नाशिकच्या दोन महिने आधी, २६ ऑक्टोबर १९०९ ला, हार्बिनच्या रेल्वे स्टेशनवर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने जपानच्या इतो हिरोबुमींना मारलं, तेही मॉडेल १९०० नेच. १९१४ मध्ये सारायेवोला आर्चड्यूकवर झाडलेलं पिस्तूल त्याच एफएन कंपनीचं १९१० चं मॉडेल. ते आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. खिशात मावणारी एक वस्तू एका दशकात जगभर किती ठिकाणी पोचली, याचं मला अजून नवल वाटतं.

जुनं आहे, मग चालवून बघू का?

नाही. इथे मी सरळच बोलतो. बाहेरच्या काही देशांत जुनी पॉकेट पिस्तुलं जमवणारे आणि रेंजवर चालवणारे हौशी लोक आहेत, यूट्यूबवर त्यांचे व्हिडिओ मीही चवीने बघतो. पण तेसुद्धा आधी जाणकार गनस्मिथकडून तपासून घेतात. शंभर वर्षांत स्प्रिंग मऊ पडलेली असते. ब्लोबॅकमध्ये सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर, त्यामुळे स्प्रिंग थकली की स्लाइड जोरात मागे आपटते आणि धातूला तडे जाऊ शकतात. जुन्या काडतुसांचं तर विचारूच नका. कधी पेटत नाहीत, कधी चाप ओढल्यावर क्षणभर थांबून पेटतात, आणि तोवर माणूस तोंड वळवून नळीत डोकावत असतो. शिवाय पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आजच्या पिस्तुलांत जो आतला अडसर असतो, तो त्या काळच्या बहुतेक पिस्तुलांत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. खारे कर्जुने भागात लष्कराच्या के. के. रेंजवर सराव होतो आणि न फुटलेल्या गोळ्याचं भंगार काढताना माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. जुनी दारू वय विसरते.

कायदा काय म्हणतो?

सगळ्यात मोठा गैरसमज: ‘अँटिक आहे, लायसन लागत नाही.’ शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण कधी? दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार ‘क्युरिओ’ गटातली लहान शस्त्रं बाळगायला परवाना नको, पण ती वापरायला किंवा इकडून तिकडे न्यायला हवाच, आणि त्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. आजोबांचं पिस्तूल चालू स्थितीत होतं आणि त्याची ३२ बोरची काडतुसं आजही बनतात. म्हणजे ते क्युरिओ आहे असं आम्ही घरी बसून ठरवू शकत नव्हतो.

विनापरवाना पिस्तूल सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला सामान्यतः तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आणि १९८० च्या दशकात सामान्य नागरिकांसाठी आयात बंद झाल्यापासून परदेशी जुनी पिस्तुलं आपल्याकडे लाखांच्या भावात विकली जातात. म्हणूनच टेलिग्रामवर ‘अँटिक ब्राउनिंग, नो लायसन, अ‍ॅडव्हान्स पाठवा’ असे मेसेज फिरतात. पैसे गेले तर फसवणूक, माल आला तर गुन्हा. दोन्हीकडून तुम्हीच अडकणार.

मग आम्ही काय केलं? परवानाधारक वारला की शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. आम्ही आधी ठाण्यात फोन केला, ट्रंकेतला परवाना शोधून ठेवला. दोन पोलीस घरी आले, पिस्तुलावरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं मोजली, पंचनामा केला आणि पावती दिली. “इतके दिवस का थांबलात?” एवढं ऐकून घ्यावं लागलं, आणि ते बरोबरच होतं. वारसाला ते शस्त्र हवं असेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची हरकत नसल्याची शपथपत्रं जोडून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. तो मिळेलच असं नाही.

फोनचं एक राहिलं. मी काढलेल्या त्या फोटोत पिस्तुलाचा नंबर स्पष्ट दिसत होता आणि फोटोच्या माहितीत आमच्या घराचं लोकेशन. तो फॅमिली ग्रुपवर टाकायला माझं बोट निघालंच होतं. असा फोटो स्टेटसला गेला तर पोलिसांच्या आधी चोराला कळेल, कुणाच्या घरात काय आहे ते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन टॅग बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे.

ज्यांना हे सगळं वाचून हात शिवशिवतायत, त्यांच्यासाठी १० मीटर एअर पिस्तूल हा खेळ आहे. ४.५ मिलिमीटरचा छर्रा. २० जूलपर्यंत ताकदीच्या या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. टार्गेटवरची दहाची रिंग फक्त ११.५ मिलिमीटरची, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. दहा मीटरवरून. सोपं वाटतंय ना? आतेभावाच्या पहिल्या दहा छऱ्यांपैकी चार कागदालाच लागले नाहीत. तो आता दर रविवारी जातो.

वडिलांनी वारसा परवान्याचा फॉर्म आणलाय, पण अजून भरलेला नाही. पिस्तूल ठाण्यात आहे आणि पावती आजोबांच्या ट्रंकेत, त्याच तेलकट फडक्याखाली.