विश्लेषण : तणमोर शेतात विणतो, मग जनजागृती ऑक्टोबरमध्ये का?

वाशिम-अकोला पट्ट्यातील माळरानांवर पावसाळ्यात विणीसाठी येणारा तणमोर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. २०२१ मध्ये ‘आययूसीएन’ने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. १९९९ मध्ये देशात सुमारे साडेतीन हजार तणमोर असल्याचा अंदाज होता. २०१७ च्या पाहणीनंतर मात्र ही संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे समोर आले.

तणमोर ओळखायचा कसा?

माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी, साधारण कोंबडीएवढा. विणीच्या काळात नर काळा होतो, डोक्यामागे रिबिनीसारखी पिसे येतात. मादीला आकर्षित करण्यासाठी तो गवतातून उंच उड्या मारतो, दिवसाला शेकडो वेळा. पूर्वी शिकारीही त्याला या उडीवरूनच हेरत.

धोका कशाचा?

‘पडीक’ समजले गेलेले गवताळ माळ नांगराखाली गेले. त्यामुळे तणमोर पिकांतही विणतो. मादी जमिनीवरच तीन-चार अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे उबवते. नेमकी तेव्हाच निंदणी आणि फवारणी सुरू असते. अंडी पायाखाली येतात, नाकतोडे-भुंगेऱ्यांसारखे त्याचे खाद्यही संपते.

अभयारण्य पुरेसे नाही का?

जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य प्रामुख्याने काळविटांसाठी आहे. शेतातल्या घरट्याला त्याची हद्द वाचवू शकत नाही. ते शेतकऱ्याच्याच हाती असते.

मग अडचण कुठे?

शाळांतील चित्रस्पर्धा, फेऱ्या प्रामुख्याने १ ते ७ ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात होतात. तोवर तणमोराची वीण जवळपास उरकलेली असते. शेतकऱ्याशी बोलायचे तर पेरणीच्या आधी, जूनमध्येच बोलायला हवे. पक्षी दिसल्याचे सांगितले तर जमिनीवर निर्बंध येतील, ही भीतीही असते. सोलापूर-नगर भागातील माळढोक अभयारण्यावरून असाच वाद झाला होता. ही शंका दूर केल्याशिवाय माहिती बाहेर येणार नाही.

हे काम कोण करू शकते?

माळ, गवत आणि पक्ष्यांच्या सवयी फासेपारधी समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. ‘संवेदना’ या संस्थेने या समाजाला सोबत घेऊन तणमोर आणि गवताळ माळांच्या संवर्धनाचे काम केले आहे. शिकारीसाठी वापरली जाणारी नजर इथे राखणीला लागली.

घरटे दिसल्यास काय करावे?

अंड्यांना हात लावू नये, जवळ गर्दी करू नये. मोकाट कुत्री दूर ठेवावीत. तेवढ्या तुकड्यातील निंदणी-फवारणी पिल्ले बाहेर पडेपर्यंत थांबवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.